डिंकबाईंनी चिकटवलेलं फूल

माझी थोरली मावशी साध्या माणसांत मोडते असं मी लिहिलं, तर ती चष्म्यावरून बघून विचारेल, "साधी माणसं अशी काही जात असते का गं? की ही एक साधी, ती एक साधी, आणि चिठ्ठी आपण लावलेली?" तेव्हा ते राहू दे. ती एका कॉलेजात वाळलेली झाडं कागदावर चिकटवते. सव्वीस वर्षं हेच काम. तिला सगळे डिंकबाई म्हणतात आणि तीही फोन उचलून "डिंकबाई बोलतेय" असंच म्हणते.

ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवलेली फांदी नुसत्या धक्क्यानं मोडते. ती चिमट्यानं उचलायची, डिंक फासलेल्या काचेवर टेकवायची आणि डिंकाला कळायच्या आत उचलून जाड कागदावर ठेवायची. एखादं पान मुद्दाम पालथं ठेवायचं, म्हणजे त्याची पाठ दिसते. जाड देठाला दोऱ्याचे टाके, गळालेल्या बियांना कागदी पुडी, कोपऱ्यात लेबल. दोरा माझ्याकडून जातो, कारण मी शिवणकाम करते आणि बाजारातला दोरा मावशीच्या मते दोरा नसून दोऱ्याची अफवा असते. कामावर रुजू झाली त्या दिवशी तिला एकच नियम सांगितला होता : मांडामांड चालू असताना पंखा लावायचा नाही. तो तिनं आयुष्यात एकदाच मोडला. पुढचं सगळं रामायण त्या पंख्यानं घडवलं.

तिच्या खोलीच्या मधोमध एक लाकडी पडदी आहे. पलीकडे तत्त्वज्ञान विभाग. विभाग म्हणजे एक फळा, सहा बाकं आणि एक शिक्षक. ते दर वाक्याला 'अर्थात' म्हणतात, म्हणून त्यांचं नाव अर्थातसर. ते मध्ययुगातलं तत्त्वज्ञान शिकवतात. वर्गाला चार मुली येतात. परीक्षा जवळ आली की पाच. पडदी पातळ, सरांचा आवाज जाड, त्यामुळे मावशीचा तो अख्खा अभ्यासक्रम आतापर्यंत एकोणीस वेळा झालाय. परीक्षा तेवढी दिली नाही.

त्या काळातला मोठा वाद म्हणे असा : हा एक गुलाब, तो एक गुलाब, पण या सगळ्यांपलीकडे 'गुलाब' असं काही खरंच असतं का? एक पक्ष म्हणायचा, असतं, आणि तेच जास्त खरं. दुसरा म्हणायचा, छे, ती नुसती तोंडातून निघालेली हवा. तिसरा म्हणायचा, भांडू नका, ते मनात असतं. आणि यावर ही शिकलीसवरलेली माणसं शेकडो वर्षं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. त्यांचा एक प्रश्न तर खासच : जगातला शेवटचा गुलाबही सुकून गेला, तर 'गुलाब' या नावाला काही अर्थ उरतो का? मावशी म्हणते, "मी दिवसभर सुकलेल्या गुलाबांतच बसते. मला विचारायचं होतं."

हे ऐकून ऐकून ती बिघडली, असं माझी आई म्हणते. मंडईत भाजीवाला 'काकडी घ्या' म्हणाला की ही विचारते, 'कुठली?' त्या जुन्या लोकांनी वनस्पतींची वाटणी झाड, झुडूप, अर्धं झुडूप आणि रोप अशी केली होती. आज ती कोणी वापरत नाही, पण मावशीनं ती नातेवाइकांना लावलीय. मामा झाड, सावली देतो, पण जागचा हलत नाही. माझी आई झुडूप. एका शब्दाला दहा बाजूंनी फुटते. मी अर्धं झुडूप, म्हणजे बुडाशी कडक, शेंड्याला मऊ. मी रुसले तर म्हणाली, "अगं, शास्त्रात तसंच आहे, माझ्या मनाचं नाही." तिनं स्वतः लग्न केलं नाही. नवरा ही जात खरी असेलही, म्हणते, पण नमुना बरा मिळाला नाही.

आता मोठे सर. वय अठ्ठ्याहत्तर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वाळल्या झाडांचा हा संग्रह त्यांनीच उभा केला. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी रोज सकाळी दहाला हजर. सव्वीस वर्षांपूर्वी ते एका दूरच्या डोंगरावरून दोनशे फांद्या घेऊन आले होते. त्यातली एक बरोबरच्या वाटाड्यानं तोडून घडीत दाबली होती, सरांनी ती कागदावर चिकटवल्यावरच नीट पाहिली. तिची पानं त्यांना ओळखू येईनात, फूल तर मुळीच येईना. सहा महिने सगळी पुस्तकं पालथी घातली आणि मग जाहीर केलं की ही जगाला ठाऊक नसलेली वनस्पती आहे. अशा नव्या वनस्पतीचं नाव एका नमुन्याला कायमचं बांधलेलं असतं. तो एक कागद म्हणजेच त्या नावाचा आधार. सरांनी तिला आपल्या बायकोचं नाव दिलं आणि कागद लाल कडेच्या फाइलीत ठेवला. ती वनस्पती पुन्हा कोणाला कुठे दिसली नाही. सहा वर्षांपूर्वी बायको गेली. तेव्हापासून सर रोज घरी निघताना ती फाइल उघडतात आणि मिनिटभर बघतात. कोणी विचारलं तर सांगतात, "बुरशी लागली नाही ना, बघतोय."

या वर्षी डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून सांगितलं, जे काय चढायचं ते आताच चढून घ्या. डॉक्टर कपाळाला हात लावून बोलले होते, पण सरांनी ती आज्ञा समजली. त्या डोंगरावर पुन्हा जायचं आणि ती वनस्पती जिवंत बघायची, एवढंच आता राहिलंय म्हणाले. तारीख ठरली.

तारखेला अकरा दिवस उरले असताना मावशी विद्यार्थ्यांचे नमुने चिकटवत होती. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागे अलीकडे एक तण माजलंय. कुठल्या तरी परदेशातलं, बांधकामाच्या खडीबरोबर आलेलं. त्याचं फूल तिनं चिमट्यात धरलं आणि धरूनच राहिली. जांभळी नळी, पाच पाकळ्या, एक पाकळी उलटी वळलेली, आणि घशाशी तीन ठिपके. हे तीन ठिपके तिनं रोज संध्याकाळी मोठ्या सरांच्या खांद्यावरून बघितले होते.

तिनं लाल फाइल काढली. दोन्ही फुलं शेजारी ठेवली. भिंग लावलं. मग दुसरं भिंग लावलं, कारण पहिलं भिंग खोटं बोलत असेल अशी तिला आशा होती. भिंग खरं बोलत होतं.

आणि मग तिला पंखा आठवला. नोकरीचा दुसरा महिना, उकाडा मरणाचा. टेबलावर सरांच्या फांद्या, आणि शेजारीच परदेशी कॉलेजातून आलेलं वाळल्या झाडांचं एक पार्सल उघडलेलं. घाम नमुन्यावर टपकेल म्हणून तिनं दोनच मिनिटं पंखा लावला. सुटी फुलं खोलीभर उधळली. टेबलाखालून, फाइलींच्या खाचांतून, स्वतःच्या केसांतून तिनं ती गोळा केली आणि आपल्या मते ज्याची त्याला देऊन टाकली. सरांच्या वहीत त्या फांदीपुढे 'एक फूल, सुटं' एवढंच लिहिलं होतं. एक फूल समोर होतं. तिनं चिकटवलं. फांदीचं खरं फूल बहुधा झाडूच्या पोटात गेलं, आणि पार्सलमधलं हे तण तेव्हा इथे कोणी पाहिलेलंही नव्हतं, मग ओळखणार कोण? म्हणजे सरांच्या बायकोच्या नावाची वनस्पती मुळात नव्हतीच. पान एकीचं, फूल दुसरीचं, आणि सासर-माहेर मावशीच्या डिंकानं जुळवलेलं.

ती तशीच चिमटा हातात घेऊन पडदीपलीकडे गेली आणि अर्थातसरांना सगळं सांगितलं. अर्थातसरांनी चक्क उडी मारली.

"अर्थात! अहो बाई, नाव आहे, वर्णन आहे, छापलेलं आहे, आणि वस्तूच नाही! हजार वर्षं ज्याच्यावर माणसांनी डोकी फोडली, ते तुम्ही डिंकानं करून दाखवलंत!"

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," मावशी म्हणाली. "मला कौतुक नकोय. सर नसलेलं झाड शोधायला डोंगर चढणार आहेत. या वयात. बायकोला भेटायला निघाल्यासारखे निघालेत. वर काही झालं तर?"

अर्थातसर खाली बसले. "अर्थात, त्यांना सांगायला हवं."

"कोणी?"

"अर्थात... तुम्ही."

त्या संध्याकाळी तिनं मला सांगितलं आणि कोणाला बोललीस तर याद राख, असं बजावलं. मी कशाला बोलतेय? पण दुसऱ्या दिवशी मोठे सर माझ्याच दुकानात. त्यांना डोंगरासाठी विजार हवी होती, अकरा खिशांची. एक भिंगाला, एक दोरीला, एक वहीला, एक पहिला भरला तर दुसरा. मापं घेताना ते स्टुलावर हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, "ते फूल ताजं असताना कसं दिसतं, हे कोणालाच माहीत नाही हो. वाळलं की रंग जातो. त्याला वास असेल का, काय वाटतं तुम्हाला?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून वाचले. रात्रभर मला ते खिसे दिसत राहिले.

मावशीचं तर काही विचारू नका. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सर, एक बोलायचं होतं." ते म्हणाले, "बोला," आणि हिनं नवा ब्रश मागितला. तिसऱ्या दिवशी परत ब्रश. पाचव्या दिवशी तिनं सगळं चिठ्ठीत लिहून चिठ्ठी लाल फाइलीत ठेवली, आणि सर जिन्यात दिसताच धावत जाऊन, काढून, चावून गिळून टाकली. आठवडाभरात सात ब्रश जमले. सर प्राचार्यांना सांगत होते, या बाई कामाला किती वाघ आहेत बघा.

नवव्या दिवशी सर कॉलेजच्या जिन्यावर चढायचा सराव करत होते. पाठीवर पिशवी, पिशवीत पुस्तकांचे सहा जाडजूड खंड, वजन हवं म्हणून. तीन मजले वर, तीन मजले खाली. मावशी त्यांच्या मागून चढायला लागली. पहिल्या मजल्यावर म्हणाली, "सर, ते फूल." दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, "मी पंखा लावला होता." तिसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली होती, आणि कदाचित त्यामुळेच उरलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. टाकी, तण, तीन ठिपके, पार्सल, केसांतली फुलं.

सर वळले. "पंखा?"

"हो, सर."

"कितीवर?"

"तीनवर."

ते पायरीवर बसले. पिशवी पाठीवर तशीच. मावशीला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "सहा वर्षं रोज मी टाकीमागचं तण तिचं समजून बघत होतो." मग उठले, खाली संग्रहाच्या खोलीत गेले आणि आत जाता जाता म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा." सव्वीस वर्षांत त्यांनी तिला त्या खोलीबाहेर कधी ठेवलं नव्हतं.

एक तास. मावशी बाहेरच्या बाकावर बसून होती आणि लहान मुलीसारखी रडत होती. अर्थातसर शेजारी येऊन बसले आणि तासभर एकदाही अर्थात म्हणाले नाहीत. मधेच एवढंच बोलले, "वर्गात मी मुलींना सांगतो, शेवटचा गुलाब गेला तरी नावाला अर्थ उरतो. कारण 'आता गुलाब नाहीत' असं म्हणायला तरी ते नाव लागतंच. नाहीतर कोण नाही, ते कसं कळणार?" मावशी म्हणाली, "हे त्यांना सांगू नका." अर्थातसर म्हणाले, "नाही."

मग दार उघडलं. मोठे सर उभे. डोळे लाल, बाह्या वर केलेल्या.

"बाई, पाणी तापवा."

ते फूल सोडवायचं काम मावशीनंच केलं. कोमट पाण्यात टीपकागद भिजवून फुलावर ठेवायचा, थांबायचं, डिंक मऊ झाला की पातळ सुरी सरकवायची. तिला दोन हात पुरेनात म्हणून अर्थातसरांनी कागद धरला, मग तेच फुलावर वाकून उजेड अडवायला लागले म्हणून मोठ्या सरांनी दोघांना बाजूला सारलं, आणि मग परत मावशीलाच बोलावलं. फूल सुटलं. कागदावर नुसती पानांची फांदी राहिली.

सर तिच्याकडे बघत म्हणाले, "एक नियम आहे. एका नमुन्यात दोन वनस्पतींची सरमिसळ झाली, तर नाव वाऱ्यावर सोडत नाहीत. मूळ वर्णनाशी जो भाग जास्त जुळेल, नाव त्याचं. फुलाकडे गेलं तर संपलं. त्या तणाला नाव आधीच आहे, आपलं रद्द."

"आणि पानांकडे गेलं तर?" मावशीनं विचारलं.

"पानं मला तेव्हाही ओळखू आली नव्हती," सर म्हणाले. "आजही येत नाहीत."

मग अर्थातसरांनी कपाटातून ते जुनं छापील वर्णन ओढून काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. फुलाबद्दल ओळ आली की मावशी डाव्या हाताचं बोट दुमडायची, पाना-देठाबद्दल आली की उजव्या हाताचं. बोटं संपली तेव्हा अर्थातसरांनी आपली दिली. "पानाची पाठ, लव राखाडी!" उजवा. "लव शिरांवर दाट!" उजवा. "पाकळ्या पाच!" डावा, आणि तिघंही त्या पाकळ्यांवर चिडले. मोठे सर सांगत होते की ओळी मोजून असा निकाल लागत नसतो, हा काही पोरखेळ नाही, आणि सांगता सांगता स्वतः दुसऱ्यांदा मोजत होते. फूल, नऊ ओळी. पान आणि देठ, चौदा. अर्थातसर असे ओरडले की पडदीपलीकडून चारही मुली छत पडलं समजून धावत आल्या, आणि त्यांना दिसलं काय, तर तीन वयस्क माणसं एका काडीभोवती नाचतायत.

"नाव राहिलं," सर म्हणाले, आणि खुर्ची न बघताच बसले. नशीब, ती तिथे होती. "पण ही फांदी कोणाची, ते फुलाशिवाय सिद्ध होणार नाही. ओळखीच्याच कुठल्या झाडाची निघाली, तर नाव तेव्हाही जाईल. आता तर डोंगरावर जायलाच हवं." मग मावशीला म्हणाले, "तुम्हीही चला. पानं तुमच्याइतकी कोणी बघितलेली नाहीत. आणि तिथे पंखे नसतात."

मावशीला मी त्यांच्याच विजारीसारखी विजार शिवून दिली, खिसे मात्र चारच. अर्थातसर न बोलावता निघाले. आमच्या घरात हलकल्लोळ. आई म्हणाली, या वयात डोंगरावर, दोन परपुरुषांबरोबर? मावशी म्हणाली, "परपुरुष कुठला? हा एक म्हातारा, तो एक म्हातारा."

वर काय झालं ते तिनं मला शंभरदा सांगितलंय, तरी तिला सांगायला लागतं आणि मला ऐकायला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा रानातली झाडं उभी बघितली; तिची सगळी झाडं आजवर आडवी आणि चपटी. पहिल्या दिवशी ती प्रत्येक झुडपाला हात लावून "अय्या, हे जाड असतं!" म्हणत राहिली, इतकं की मोठ्या सरांनी तिला पुढे चाला म्हणून दटावलं. दोन दिवस काही मिळालं नाही. सरांचे गुडघे सुजले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते एका खडकाला टेकले आणि म्हणाले, आता खाली जाऊ, पुरे झालं. मावशीनं त्यांना उठवायला हात पुढे केला, आणि त्यांच्या खांद्यामागे कमरेएवढं एक झुडूप वाऱ्यानं पानं उलटी करत होतं. पानांची पाठ राखाडी, लव शिरांवर दाट. आणि मसुराएवढं हिरवट फूल, इतकं साधं की कोणी पायाखाली घातलं असतं.

सरांनी भिंग काढलं. किती वेळ बघत होते, कोण जाणे. अर्थातसर बोटं मोडत होते. शेवटी सर भिंग खिशात ठेवत म्हणाले, "हे कोणाचंच नाही. हे तिचंच आहे."

आणि मग त्यांनी त्या झुडपाला हाक मारली. मावशीनं ते नाव सव्वीस वर्षांपूर्वी लेबलावर लॅटिन शेपटीसकट लिहिलं होतं. नुसतं, घरातलं, हाकेचं नाव तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या खोलीत कोणी असावं तशी हाक. "इथे होय गं तू," म्हणाले.

पुरावा म्हणून फांदी तोडणं भाग होतं. सरांनी कात्री काढली, उघडली, फुलाजवळ नेली आणि तशीच धरून राहिले. आयुष्यभरात हजारो फांद्या तोडलेला माणूस. मग कात्री मावशीच्या हातात देऊन ते दुसरीकडे बघायला लागले.

"तुम्ही तोडा, बाई," म्हणाले. "मला नाही जमायचं."